दाराला कडी नाही

फर्स्ट पर्सन हॉरर गेममध्ये भलं मोठं घर असतं. घराला असंख्य दारं असतात, दारांमागं भूत असतं नाहीतर करवत घेतलेला माणूस असतो, आणि त्यातल्या बहुतेक दारांना आतून कडी नसते. मी हे गेम आवडीनं, रात्री जागून खेळतो, म्हणूनच ही गोष्ट मला सलते. घाबरलेला माणूस खोलीत शिरला की पहिलं काय करतो? दार लावतो, कडी घालतो, ती नीट बसली का ते दार हलवून बघतो आणि मग दाराला पाठ लावून श्वास सोडतो. गेममध्ये यातलं फक्त दार लोटता येतं. कपाटात लपायला बटण आहे, पलंगाखाली शिरायला बटण आहे, कडीला मात्र बटण नाही. एखाददुसऱ्या गेमनं पुढं मोजक्या दारांना कड्या दिल्या, पण तेवढ्यानं माझं समाधान झालेलं नाही.

वाई, मेणवली, सातारा इकडचे जुने वाडे ज्यानं आतून पाहिलेत, त्याला हे जास्तच खटकेल. वाड्याच्या दिंडी दरवाजाला अडसर असतो. भिंतीच्या जाडीतच त्याच्यासाठी लांब पोकळी सोडलेली असते. दार लावलं की तो चौकोनी सागवानी वासा पोकळीतून ओढायचा आणि पलीकडच्या भिंतीतल्या खाचेत सरकवायचा. ओढताना घरघर आवाज होतो, पावसाळ्यात लाकूड फुगलं की तो मध्येच अडतो, आणि मग एक पाय भिंतीला लावून जोर करावा लागतो. आता विचार करा, बाहेर पावलं वाजताहेत, अडसर अर्ध्यावर अडकलाय आणि आपल्याला माउस धरून तो ओढायचा आहे. यापेक्षा भीतिदायक प्रसंग गेमवाल्यांना सुचून सुचून काय सुचणार आहे? तो आमच्या घराघरांत तयार होता. तो सोडून त्यांनी लोखंडी कपाटं दिली.

या प्रकारच्या गेमबद्दल माझ्या अपेक्षा जास्त आहेत, त्यालाही कारण आहे. यात आपल्याला आपलं पात्र पाठमोरं दिसत नाही, त्याच्या डोळ्यांनीच सगळं बघायचं असतं. मान आपली, नजर आपली, कोपऱ्यावर वळायचं की नाही हा निर्णयही आपला. ‘तू स्वतः इथं आहेस’ असं वचन गेम पहिल्या मिनिटाला देतो. वचन दिलं की ते पाळायला हवं. आणि मी खाली बघितलं तर कित्येक गेममध्ये मला पायच नसतात! जिना उतरतोय, पायऱ्या सरकताहेत, पण पाय नाहीत. भुताचे पाय उलटे असतात हे आपण लहानपणापासून ऐकलंय. इथं भुताला पाय असतात आणि माणसाला नसतात.

स्वीडनमधल्या हेल्सिंगबोर्गच्या फ्रिक्शनल गेम्सनं 2010 मध्ये ‘अॅम्नेशिया: द डार्क डिसेंट’ काढला, तेव्हापासून या प्रकाराला आजचं वळण लागलं. 1839 चा प्रशियातला किल्ला, स्मृती गेलेला डॅनियल, हातात कंदील. शस्त्र नाहीच. अंधारात राहिलं की डॅनियलचं डोकं भ्रमायला लागतं, आणि राक्षसाकडं बघितलं तरीही भ्रमतं, त्यामुळं उजेडात जावं तर दिसतो आणि अंधारात बसावं तर वेड लागतं. ही रचना मला आजही अप्रतिम वाटते. दार उघडायला नुसतं बटण दाबून चालत नाही, माउस धरून ते ओढावं लागतं, त्यामुळं फट किती ठेवायची हेही आपल्याच हातात राहतं. त्यातल्या पाणी भरलेल्या तळघरात तर न दिसणारं काहीतरी पाण्यातून छपछप करत मागं येतं आणि आपण एका खोक्यावरून दुसऱ्या खोक्यावर उड्या मारत जातो. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती. त्या पाण्यातून ज्यांनी पायानं चाचपत वाट काढली, त्यांना खाली गटार उघडं आहे की नाही हे न दिसणं म्हणजे काय ते सांगावं लागणार नाही. त्या एका प्रसंगासाठी मी फ्रिक्शनलला पैकीच्या पैकी गुण देतो.

तक्रार त्यांच्या मागून आलेल्यांबद्दल आहे. ‘अॅम्नेशिया’नं शस्त्र काढून घेतलं, हे सगळ्यांना आवडलं. माँट्रियलच्या रेड बॅरल्सनं 2013 मध्ये ‘आउटलास्ट’ काढला, त्यातल्या पत्रकाराच्या हातात फक्त कॅमेरा आहे. त्यानंतर निःशस्त्र नायकाची रीतच पडली. शस्त्र नको, मला मान्य आहे. बंदूक आली की भीती जाते. पण काठी? आमच्याकडं रात्री घराबाहेर पडणारा माणूस काठी घेतो ती कुणाला मारायला नाही. ती जमिनीवर आपटायला, पुढचं गवत बाजूला सारायला, पाण्याची खोली बघायला आणि बहुतेक वेळा नुसती हातात काहीतरी असावं म्हणून. ‘आउटलास्ट’मधल्या वेड्यांच्या पडक्या इस्पितळात मोडक्या खुर्च्या पसरल्यात, लोखंडी पलंग आहेत, झाडू आहेत. त्यातलं काहीच उचलता येत नाही. उचलता येतात ते फक्त कागद आणि बॅटऱ्या.

रात्रीच्या भीतीबद्दल कराड, पाटण, शिराळा, वाळवा इकडच्या शेतकऱ्याला विचारावं. शेतीपंपाची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते. मग मध्यरात्री उठून उसाला दारं धरायला जावं लागतं. ऊस डोक्याच्या वर गेलेला, सरीतून पाणी पुढं सरकतंय, एका सरीचं दार मोडायचं, दुसरीचं बांधायचं. हातात खोरं, डोक्याला टॉर्च. टॉर्चचा उजेड पानावर पडतो आणि त्यापलीकडं भिंतीसारखा अंधार. नाग, घोणस, मण्यार यांची भीती तर आहेच, शिवाय या पट्ट्यात बिबटे उसाच्या फडातच वाढतात, तिथंच पिलं घालतात. या माणसाची नजर म्हणजे शंभर टक्के फर्स्ट पर्सन आहे. आणि तो काय करतो ते बघा. तो गप्प राहत नाही. खाकरतो. पाण्याशी बोलतो, खोऱ्याशी बोलतो, बांधापलीकडच्याला ‘ओ दाजी, आलं का पाणी?’ म्हणून हाक मारतो. खिशातल्या मोबाइलवर गाणी मोठ्यानं लावतो. बिबट्याच्या भागात रात्री बाहेर पडताना आवाज करत जा, गाणी लावा, एकटे जाऊ नका, असं वनखातंही सांगतं. जनावराला माणूस आलाय हे कळलं की ते सहसा आपणहून बाजूला होतं.

गेममध्ये याच्या बरोबर उलटं शिकवतात. आवाज केला की मेलात. वाकून चाला, श्वास धरा, भांडं पडू देऊ नका. मी म्हणतो, एखाद्या राक्षसाच्या बाबतीत हे खरं असेलही. पण सगळ्यांच्या बाबतीत? एकही राक्षस माणसाच्या आवाजानं बिचकत नाही? बिबट्याहून धीट असं प्रत्येक भूत कसं असेल? आणि नायकाला हाक मारायची सोय का नाही? घाबरलेला माणूस पहिल्यांदा ‘कोण हाय रं?’ असं ओरडतो. त्या ओरडण्यातच त्याची भीती ऐकू येते. उत्तर आलं तर भीती, न आलं तर जास्त भीती. एवढा हुकमी प्रसंग या लोकांनी वापरायचाच नाही असं ठरवलेलं दिसतं.

काहींनी आवाजाचा विचार केला, हे सांगायला हवं. 2014 च्या ‘एलियन: आयसोलेशन’मध्ये एक पर्याय होता. प्लेस्टेशन 4 चा कॅमेरा किंवा एक्सबॉक्सचं कायनेक्ट जोडलं तर खेळणाऱ्याच्या खोलीतला खरा आवाज त्या एलियनला ऐकू जाई. कल्पना उत्तम आहे, पण ती ज्यांच्या घरात रात्री दहानंतर सुई पडली तरी ऐकू येते, त्यांच्यासाठी आहे. आमच्याकडं खालच्या मजल्यावर कुकरच्या शिट्ट्या होतात. गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत, स्पीकरवर गाणी लावून रात्रभर रस्त्यानं जातात. ड्रायव्हरला झोप लागू नये म्हणून ती गाणी असतात, त्याला दोष देता येत नाही. पण त्याच्या गाण्यावर माझा जीव जावा हे मला पटत नाही. पुढं 2020 मध्ये ‘फॅस्मोफोबिया’ आला. त्यात माइकवरून भुताशी बोलायचं असतं, प्रश्न विचारायचे, भूत यंत्रातून उत्तर देतं. मी मराठीत विचारून बघितलं. ‘कुठं आहेस?’ काही नाही. ‘वय काय तुझं?’ काही नाही. इंग्रजीत विचारलं की लगेच उत्तर. आता आमच्या पिंपळावरच्या मुंजाला इंग्रजीत प्रश्न विचारणारा माणूस कुणी पाहिलाय का? भीती ही मातृभाषेतच वाटते. परक्या भाषेत वाक्य जुळवायला लागलं की डोकं थंड होतं आणि आपण घाबरायचं विसरतो.

याच्याही पुढची तक्रार पार्श्वसंगीताची आहे. राक्षस जवळ आला की व्हायोलिनं किंचाळतात, ढोल वाजायला लागतो. लांब गेला की संगीत ओसरतं. म्हणजे मला कान देऊन पावलं ऐकायची गरजच नाही. कपाटात बसून संगीत थांबायची वाट बघायची, थांबलं की बाहेर. हा प्रकार सांगलीकरांना नवा नाही. 5 नोव्हेंबर 1843 ला विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं, आणि त्या धर्तीच्या नाटकांत राक्षस यायचा तो ‘अलल्लडुर्र’ अशी आरोळी ठोकत, तलवार परजत, राळेच्या भडक्यात. प्रेक्षकाला राक्षस आल्याचं आधी कानांनी कळायचं. रंगमंचावर ते शोभत होतं. मागं बसलेल्यालाही कळायला हवं, दिवट्यांच्या उजेडात चेहरे धड दिसत नाहीत, आणि प्रेक्षक राक्षसाला भ्यायला नव्हे तर त्याचा थाट बघायला आलेला असायचा. पण इथं मी एकटा आहे, कानाला हेडफोन आहे, समोर चांगला महागडा पडदा आहे, आणि गेमवाला पावलापावलाचा आवाज वेगळा नोंदवून घेऊ शकतो. एवढं हाताशी असताना त्यानं पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या राक्षसपार्टीसारखी आरोळी ठोकवावी, हे मला त्याच्या कसबाला कमीपणा आणणारं वाटतं. मराठी रंगभूमीनं अलल्लडुर्र कधीच मागं टाकलं.

बॅटरीचं तर विचारू नका. ‘आउटलास्ट’मधला कॅमेरा अंधारात बघायला लावला की काही मिनिटांत त्याची बॅटरी संपते. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या कुठल्याही माणसाला हे दाखवा, तो कॅमेरा दुकानदाराला परत करायला सांगेल. दारं धरणाऱ्या माणसाचा टॉर्च एका चार्जिंगवर रात्र काढतो. टंचाईनं ताण येतो हे मला कळतं, पण मग ती टंचाई खरी वाटेल अशी दाखवा. काडेपेटी ओली झाली, रॉकेल संपत आलं, वाऱ्यानं दिवा विझला. यातलं एकेक कारण आपल्या प्रत्येकाच्या अंगावरून गेलेलं आहे.

कॅपकॉमचा ‘रेसिडेंट इव्हिल 7’ 2017 चा. लुइझियानातलं बेकर कुटुंबाचं घर, जेवणाच्या टेबलावरचा तो किळसवाणा प्रसंग, सगळं जमून आलेलं. पण त्यात नायक ईथनचा डावा हात करवतीनं मनगटापासून तुटतो, तो पुढं स्टेपलच्या पिनांनी जोडला जातो, आणि तो गडी त्याच हातानं शिडी चढतो, दारं उघडतो. कुठंही लागलं, पोटात भोसकलं, पायावर कुऱ्हाड बसली, तरी तो बाटलीतलं औषध हातावर ओततो आणि बरा होतो. त्याचा खुलासा कंपनीनं 2021 च्या पुढच्या भागात केला, की ईथन तेव्हाच मेला होता आणि त्याचं शरीर बुरशीचं होतं. खुलासा चांगला आहे. पण चार वर्षं मी ‘हे असं कसं?’ म्हणत खेळलो, त्याचं काय? ज्याचं दुखणं मला जाणवत नाही, त्याच्या जिवाची मला धास्ती वाटत नाही. त्याच घरात एका दाराला विंचवाची किल्ली लागते, एकाला कावळ्याची, आणि मुख्य चौकातल्या दारात कुत्र्याची तीन मुंडकी बसवावी लागतात. त्या घरातली माणसं दूध आणायला बाहेर कशी जात असतील?

कागदांबद्दल थोडकं सांगतो. राक्षस मागं लागलेला माणूस शेवटपर्यंत डायरी लिहितो, तारीख घालून, शुद्ध भाषेत, आणि एकेक पान वेगळ्या खोलीत ठेवून जातो. आमच्या वाड्यांत कागद सापडतात ते मोडीत असतात, आणि त्यात बहुधा देणं-घेणं असतं, कुणाच्या नावावर किती पायली धान्य, कुणाची जमीन गहाण. नायकाला ते वाचता येऊ नयेत. त्यानं ते उचलून गावातल्या मोडी वाचणाऱ्याकडं न्यावेत, आणि तो म्हातारा निम्मं वाचून पुढचं वाचायला नकार देईल. नारायण धारपांनी मराठी वाचकाला घाबरवलं ते अशाच घरातल्या साध्या गोष्टींनी. त्यांच्या ‘आजी’ या कथेवरून राही अनिल बर्वेंना सुचलेला ‘तुंबाड’ 2018 मध्ये आला, सासवडच्या वाड्यात चित्रित झाला, आणि पावसानं, ओल्या भिंतींनी, हावरेपणानं लोक खुर्चीत घट्ट बसले. म्हणजे सामान सगळं इथंच आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्सनं 2020 मध्ये ‘राजी’ काढून आपल्याकडं गेम बनतो हेही दाखवलं. तो हॉरर नव्हता, ते पुढच्यानं करावं.

आजीवरून आठवलं. साताऱ्यात माझा भाचा आणि त्याच्या गल्लीतली सगळी पोरं मोबाइलवर ‘ग्रॅनी’ खेळून मोठी झाली. डीव्हीलोपरचा 2017 चा गेम. बंद घर, हातात दांडका घेतलेली आजी, सुटायला पाच दिवस. काही पडलं की आजी ऐकते. साध्या, ओबडधोबड चित्रांचा तो गेम पोरांना खरंच घाबरवायचा, कारण आजीला सगळं ऐकू येतं हे त्यांना घरी ठाऊक होतं. पण भाचा आठवडाभरानं म्हणाला, ‘मामा, आता नाय भ्या वाटत. ती कधी कुठनं येती ते पाठ झालंय.’ सगळ्या हॉरर गेमचं दुखणं त्यानं सांगितलं. मेलं की मागून सुरू करायचं, पुन्हा तीच खोली, तीच किंकाळी. पहिल्या वेळी अंगावर काटा येतो, चौथ्या वेळी राक्षसाची फेरी एसटीच्या वेळापत्रकासारखी तोंडपाठ असते. ‘एलियन: आयसोलेशन’नं यावर उपाय काढला होता. खेळणारा कुठं आहे हे ठाऊक असलेली एक यंत्रणा वर बसते आणि एलियनला नुसता अंदाज देते, शोधायचं काम त्याचं त्यानं करायचं. त्यामुळं तो दर वेळी वेगळा येतो. 2014 चा ‘पी.टी.’ तर एकाच बोळात पुन्हा पुन्हा फिरवायचा आणि दर फेरीला काहीतरी एवढंसं बदलायचा. रेडिओ, दिवा, न्हाणीघराचं दार. 2015 मध्ये तो दुकानातूनच काढून टाकला. ज्याला पुनरावृत्तीतून भीती काढायची कळली होती, तोच नेमका आता मिळत नाही.

‘एलियन: आयसोलेशन’बद्दल इतकं चांगलं बोललो, पण त्यातही खेळ जतन करायला भिंतीवरचं यंत्र शोधावं लागतं, कार्ड घालावं लागतं, दिवे लागेपर्यंत उभं राहावं लागतं, आणि तेवढ्यात एलियन मागून येऊ शकतो. दोन यंत्रांमध्ये कधी कधी बरंच अंतर. हे ज्यानं ठरवलं त्याच्या गावात वीज जात नसावी. एप्रिल-मे महिन्यात सांगलीत वळीव आला, वारं सुटलं, की पहिल्या पाच मिनिटांत दिवे जातात. तासभर कपाटात बसून, वाकून, श्वास धरून जे मिळवलं ते सगळं गेलं. खोलीत खरा अंधार, बाहेर पत्रे वाजताहेत, आणि त्या वेळी मला भीती वाटत नाही, चीड येते. भीतीच्या धंद्यात असलेल्यांनी गिऱ्हाइकाला चीड आणू नये, म्हणून माझी मागणी साधी आहे. वीज गेली किंवा मी उठलो तर खेळ जिथं आहे तिथं जतन व्हावा आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरू व्हावा. उघडल्या उघडल्या तो राक्षस समोर उभा असला तरी माझी काही हरकत नाही.